जवाच्या रांजणातली सीडी

प्रिय तुदा,

सगळ्यात आधी आली ती शेजारची तलैतमास. दुसरं कोण येणार? परकी गाडी वळणावर दिसली की या बाईच्या हातात आपोआप एक वाडगा येतो आणि पाय आपोआप आपल्या दाराकडे वळतात. या वेळी वाडग्यात बदाम वाटून तेलात कालवलेला अम्लू होता, त्यातले बदाम नीट भाजलेले नव्हते, पण ते जाऊ दे. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "इज्जा, गाडी तिझनीत शहरची दिसतेय. दोघं आहेत. बाई चांगली अंगाने भरलेली आहे, आणि पुरुषाने फुलांच्या चादरीत काहीतरी बांधून तान्ह्या पोरासारखं उराशी धरलंय." मी म्हटलं, "तुझे डोळे अधू झालेत म्हणत होतीस ना गं?" तर म्हणे, "जवळचे झालेत. लांबचे शाबूत आहेत."

आता तुदा, उभी असशील तर बस. कारखान्यात कोळंबी सोलायच्या टेबलाशी बसून वाचत असशील तर आधी हात धू, बाहेर जा, तिकडे तांजाला म्हणे सगळीकडून समुद्र दिसतो, त्याच्याकडे तोंड करून बस. तो पुरुष बिही होता. आपल्या सिनेमातला नवरदेव. एकोणीस वर्षांनी. मी आधी ओळखलंच नाही. दाढी पांढरी झालीय, पोट सुटलंय. मग त्याने दारात चपला काढल्या आणि एकीवर एक नीट ठेवल्या, तेव्हा ओळखलं. तेव्हाही तो असाच ठेवायचा, आणि आपण दोघी पडद्याआडून हसायचो.

तुला तुझीच गोष्ट सांगते म्हणून हसू नकोस. तू ती लाल ओढणीच्या आतून बघितलीस, मी गच्चीवरून. दोन्हीकडून वेगळी दिसते. हमूला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तू सव्वीस वर्षांची विधवा, सासूबाईंची धाकटी सून, आणि सिनेमावाल्यांची नटी घाटातच आजारी पडून परत गेली. आपल्या भाषेतला सिनेमा, आपल्यासारखंच गाव हवं म्हणून बिचारे एवढ्या वर आलेले, आणि नवरीच नाही. सासूबाई हो म्हणाल्या ते केवळ तोंडावर ओढणी असणार म्हणून. फकीह मात्र त्यांना खराच हवा होता. आपल्या मशिदीतल्या फकीहांच्या फेट्यात त्यांनी तो बोंडाएवढा माईक खोचला, आणि म्हातारा मान ताठ धरून बसला, जसं काही डोक्यावर अंडं ठेवलंय. गावात वीज नव्हती. खांब उभे राहून दोन वर्षं झाली होती आणि तारांचा पत्ता नव्हता. म्हणून अंगणात जनरेटर. त्याची ती घरघर आठवते? शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फकीहांनी हात वर केले, ओठ हलले, पुरुषांनी आमीन म्हटलं, आणि गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "फातिहा झाली! तुदाचं लग्न लागलं!" मग सगळ्या बायकांनी जो काही लुलुलु केला, डोंगरातली मेंढरं खाली पळाली.

त्या दिवशी सगळे हसलेच. तिलीलाला, माझ्या नातीला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याने लग्न होतं, आजी?" मी म्हटलं, "माझं एवढ्यानेच झालं. फकीहांनी फातिहा म्हटली, चार माणसांनी आमीन म्हटलं, कागद आला तेव्हा तुझा बाप चालायला लागला होता." पण खरा गोंधळ झाला तो चार महिन्यांनी, सीडी निघाल्यावर. ताफ्राउतच्या बाजारात, बसमध्ये, न्हाव्याकडे, जिथे तिथे तुझं लग्न लागतंय. तिथल्या गोंगाटात शब्द कुणी ऐकत नव्हतं, वर केलेले हात तेवढे बघत होते. म्हातारे मशिदीच्या भिंतीला टेकून बसले आणि ठरवून मोकळे झाले, की लग्नाच्या बाबतीत थट्टा चालत नाही, थट्टेत म्हटलेली फातिहाही फातिहाच. फकीहांना विचारावं तर आपल्या मशिदीवरचं त्यांचं कराराचं वर्ष संपलं होतं. सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी ते खेचरावर पुस्तकं लादून पलीकडच्या खोऱ्यात नव्या मशिदीवर गेले होते, आणि रमजानात तिथेच वारले. बिहीला निरोप पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "मला घरघरीशिवाय काहीच ऐकू आलं नाही. मी खोटं कसं सांगू?" आणि सासूबाई म्हणाल्या, "जी दुसऱ्याची असेल ती माझ्या हमूच्या खोलीत कशी राहील?" तुझं गाठोडं मीच बांधलं. अजून माझ्या बोटांना त्या गाठी आठवतात.

तू गेल्यावर मुलीदने गावातल्या सीड्या गोळा केल्या. तुझा दीर, आणि माझा नवरा, तोंडाने फारसा बोलत नाही, हाताने बोलतो, तुला ठाऊक आहे. अंगणात ठेवून कुदळीने फोडल्या. सात होत्या. ऊन पडलं होतं, आणि त्या तुकड्यांतून भिंतीवर सगळीकडे रंग नाचत होते, हिरवे, जांभळे, आणि पोरं ते पकडायला धावत होती. तुला पत्रात लिहवून पाठवलं होतं ना मी, की एकही उरली नाही? ते खोटं होतं. आठवी माझ्या जवाच्या रांजणात होती, अगदी तळाशी, माझ्या पिवळ्या रुमालात.

आता पाहुण्यांकडे येते, नाहीतर तू म्हणशील इज्जा चहा ओततच राहिली. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण कल्तूमा. जिभेला धार अशी की तिच्यासमोर तलैतमाससुद्धा दोन वेळा गप्प बसली. पहिल्या घोटालाच म्हणाली, "पुदिना चांगला आहे, साखर घाबरत घाबरत घातलीय." मग सगळं ओकलीच. बिही लग्नाचे तंबू भाड्याने देतो, खुर्च्या, गालिचे, ताटं, सगळं. "अख्ख्या तिझनीतची लग्नं लावलीन माझ्या भावानं," म्हणे, "आणि स्वतःचं काढलं की एकच पाढा. 'ताई, मी मोकळा आहे की बांधलेला, मला माहीत नाही.' अरे मग विचारून ये! तर म्हणे, कुणाला विचारू? आईनं सात मुली दाखवल्या. आई गेली. आता मी आठवी बघितलीय, अग्लू गावची, विधवा आहे, शांत आहे, समुद्राकाठी घर आहे. आज काय तो निकाल लावा आणि मला मोकळं करा."

बिही खाली बघत होता. म्हणाला, "इज्जाताई, गावात कुणाकडे ती सीडी उरलीय का?"

तिलीला खुदकन हसली. "सीडी कोण ठेवतं हल्ली, काका? सगळं वर असतं." तलैतमासने छताकडे बघितलं. पोरीने मोबाईल काढला, दोन बोटं फिरवली, आणि बाई गं, आलाच की सिनेमा. घरबसल्या, रिकाम्या हवेतून. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. पण बघायला लागलो तर काय, ती नुसती निवडक दोन मिनिटं. फकीहांच्या तोंडावर कुणाचा तरी दुकानाचा फोन नंबर. आणि आवाजाच्या जागी ढोल आणि रबाब, तेही दुसऱ्याच कुठल्या तरी लग्नातले. तिलीलाने त्याहून मोठा तुकडा शोधून उतरवून घेतला, त्याला वेळ लागला तोवर मी आणखी एक किटली ठेवली. त्यातही तेच ढोल. बिही म्हणाला, "सगळीकडे असंच आहे. जनरेटरचा आवाज वाईट होता म्हणून कुणीतरी वर गाणं चिकटवलं, आणि आता सगळे त्याच्यावरूनच उतरवतात. मी इनेझगानच्या एकेका दुकानात गेलो. जिथे सीड्यांच्या भिंती होत्या तिथे आता चार्जर लटकतात. माझ्याकडची होती ती भाचरांनी गाडीची चाकं करून फिरवली. फकीहांच्या फेट्यातला माईक माझ्या डोक्यातून जात नाही. आम्हाला नाही ऐकू आलं, पण त्याला आलं असेल." आणि मग त्याने ती फुलांची चादर सोडली. आत सीडीचं यंत्र. तिझनीतहून मांडीवर घेऊन आला होता, गचके बसू नयेत म्हणून.

मुलीद कोपऱ्यात बसला होता, तसबीहचे मणी ओढत. मी उठले. रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. जव थंड असतात गं तळाशी, पाण्यासारखे. रुमाल बाहेर काढला. मुलीद म्हणाला, "ठेवली होतीस?" मी म्हटलं, "ठेवली होती." तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता कुदळ. तर पाच मिनिटांनी आला तो तो जुना जाडा टीव्ही पाठीवर घेऊन, कारण नव्या पातळ टीव्हीला त्या यंत्राच्या वायरी लागत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात होता तो. मागोमाग तांबडी कोंबडी भांडत भांडत खोलीभर फिरली, तिची अंडी घालायची जागा होती ना ती. "हिला पण बघू दे," कल्तूमा म्हणाली, "हिच्याइतकी कामाची साक्षीदार इथे कोणी दिसत नाही."

आता मी तुला जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. तू गेल्यावर तारा आल्या, आणि मग ती सीडी मी किती वेळा बघितली असेल, अल्लाहला ठाऊक. मुलीद कासाब्लांकाच्या दुकानात, पोरं शाळेत, दुपारची वेळ, बदामाची सावली दारात आडवी. मी कडी लावायचे आणि बघायचे. पण आवाज बंद. पार बंद, कारण सासूबाई पलीकडच्या खोलीत पडलेल्या असायच्या. मला तुझं एकेक पापणी लवणं पाठ आहे. त्या पातळ ओढणीतून तू एकदा वर बघतेस, मग हात सरळ करतेस, मेंदी अजून ओली असल्यासारखे. तू पाण्याखाली आहेस आणि मी काठावर, असं वाटायचं. कधीकधी मीच तुझ्याशी बोलायचे, कुजबुजत, तिकडे जेवण कसं मिळतं, थंडी किती पडते. मग आठ वर्षांपूर्वी वीज एकदम जोरात आली आणि आमचं यंत्र जळलं. त्यानंतर सीडी नुसती हातात घेऊन तिरकी धरायचे, तिच्या पाठीवरचे रंग बघायचे, परत जवात.

तर लागली. चौकोन चौकोन झाले, थरथरली, दोनदा अडकली. पण गाव आलं, तुदा! मोबाईलवाल्यांनी गावच कापून टाकलं होतं, म्हणे फार सावकाश चालतं. यात सगळं होतं. विहिरीवरून येणाऱ्या बायका, पाठीवर भाकऱ्यांची टोपली घेतलेली माझी आई, लंगडा दाऊद, ज्याला सिनेमात यायचं नव्हतं आणि जो प्रत्येक वेळी मध्येच येतो. निम्मे आता मातीत आहेत आणि इथे उन्हात चालतायत, डोळ्यांवर हात धरून आपल्याकडेच बघतायत. मग गच्ची आली. कोपऱ्यात सासूबाई. मी इतक्यांदा बघून त्यांच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, मी तुलाच बघत होते. त्या लुलुलु करत नाहीत. ओढणीच्या टोकाने डोळे टिपतायत, आणि ओठ हमू हमू म्हणतायत, ते आवाज नसता तरी कळलं असतं. मुलीदने तसबीह खाली ठेवली.

आणि मग तुझ्या तोंडावर येऊन सीडी अडकली. तू वर बघतेस तिथेच. किती वेळ कोण जाणे. मी बिहीकडे बघितलं, त्याची नजर तुझ्या तोंडावरून हलत नव्हती. बाई, मी म्हातारी आहे, मला कळतं. कल्तूमालाही कळलं, कारण तिने अम्लूचा वाडगा बाजूला सारला.

तिलीलाने यंत्रावर टकटक केलं, चित्र सरकलं. फकीहांनी हात वर केले. घरघर आलीच, पण तिच्या आत, अगदी जवळ, कानाशी बोलल्यासारखा तो आवाज. आपल्याच भाषेत, त्यांच्या त्या खोकल्यासकट. मी शब्द न् शब्द लिहून घेतलाय, मशिदीतल्या बायकांच्या वर्गात तीन हिवाळे गेले ते यासाठीच होते असं वाटलं. ते म्हणतात, "या अल्लाह, परदेशी गेलेल्यांना सुखरूप आण. विहिरीला पाणी ठेव. या खांबांना तारा दे. ही माणसं माझ्यासमोर खोटं लग्न मांडून बसलीयत, त्यांच्यावर रागावू नकोस, पोट भरायला निघालेली माणसं आहेत. ही पोर एकटी आहे. हा मुलगा परका आहे. ज्याला त्याला त्याची खरी सोबत दे." आमीन. बस. एवढंच. फातिहाचा एक शब्द नाही. आम्ही तीनदा मागे नेऊन ऐकलं. म्हातारा सगळ्यांपेक्षा शहाणा होता आणि कुणी त्याला विचारलंच नाही.

कल्तूमाने जो लुलुलु केला, तलैतमासच्या हातून पेला सुटला. "मोकळा! माझा भाऊ मोकळा! एकोणीस वर्षांचा मोकळा!" आणि बिही तसाच बसलेला, मांडीवर हात ठेवून, जसं काही कुणी त्याच्या हातातून काही काढून घेतलंय. मग मुलीदला म्हणाला, "म्हणजे ती माझी कधीच नव्हती." मुलीद म्हणाला, "नव्हती." "मग आता तिला मागणी कुणाकडे घालायची?" कल्तूमा ताडकन म्हणाली, "आणि अग्लूचीचं काय?" तर हा म्हणतो, "तिचं लग्न ठरलं की तंबू माझ्याकडून." आणि मुलीद, आपला मुलीद, जो ईदलासुद्धा चार शब्द बोलत नाही, म्हणाला, "ती कुणाच्या घरातली नाही आता. ती तिची आहे. तिलाच विचारा." बिही उठला, गाडीतून निळ्या कागदातले मागणीच्या साखरेचे दोन सुळके घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवले. "ते मी अग्लूला न्यायला घेतले होते!" कल्तूमा ओरडली. पण हसत होती गं. डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि जाताना माझ्या पुदिन्याची मुळं मागून घेऊन गेली.

तर तुदा, हे पत्र मोबाईलवर न बोलता हाताने लिहिलं ते दोन गोष्टींसाठी, कारण मोबाईलवर तू चार बायकांच्या घोळक्यात उभी असतेस आणि घाईने काहीतरी बोलून जातेस. एक गोष्ट म्हणजे, त्या दिवशी गच्चीवरून ओरडणारी मी होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. फकीहांचे वर केलेले हात दिसले, तू सुंदर दिसत होतीस, हमूनंतर पहिल्यांदाच, आणि मला इतका आनंद झाला की मी ओरडले. गावाने माझ्याच तोंडचं ऐकलं. एकोणीस वर्षं मला हे सांगता आलं नाही, आणि खरं काय ते माझ्याच जवात पडून होतं. तू रागावलीस तर रागाव, पण इथे येऊन रागाव. दुसरी गोष्ट, बिही तुला विचारतोय. तुला, मला नाही, मुलीदला नाही. साखर फळीवर ठेवलीय, कागद फोडलेला नाही, तू नाही म्हणालीस तर मी स्वतः बसने तिझनीतला नेऊन देईन आणि कुणी एक अक्षर बोलणार नाही. हो म्हणालीस तर खरा फकीह बोलावू, आणि वीज आली आहे आता, जनरेटर लागणार नाही. हमूची खोली मुलीदने काल स्वतः चुन्याने रंगवली, तू माहेरी आल्यासारखी राहा, काहीही ठरलं तरी. बदाम फुललेत, वरून बघितलं तर दरीत ढग उतरल्यासारखे. ते दोघं परत येतो म्हणून सांगून गेलेत, रमजान लागायच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी.

तुझीच थोरली जाऊ,
इज्जा